मिस मॅकफॅडनचा नकार

साउथ कॅरोलायनातल्या त्या गावात काळ्या मुलांची एकच शाळा. तिथं अर्लीन मॅकफॅडन चौथीला भूगोल शिकवायची. बाई आवाजानं मऊ, पण तिच्या वर्गात माशीसुद्धा विचारून बसायची.

त्या साली राज्यानं कायदा काढला. काळ्यांच्या हक्कांसाठी कोर्टात भांडणाऱ्या संघटनेत जो असेल, त्याला सरकारी नोकरी नाही. शिक्षकांनी शपथेवर लिहून द्यायचं, की आम्ही तिचे सभासद नाही आणि आमच्या मुलांनी गोऱ्यांच्या शाळेत बसावं असं आम्हाला वाटतही नाही.

गंमत म्हणजे अर्लीन सभासद नव्हतीच. सभांचा तिला मनस्वी कंटाळा.

"मग सही करायला तुझं काय जातंय?" आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली. "खोटं तर लिहीत नाहीस."

"पहिली ओळ खरी आहे गं. पण दुसरी? मला काय वाटतं तेही हेच ठरवणार?"

"वाटतंय ते पोटात ठेव आणि नोकरी सांभाळ."

जिल्ह्याचा गोरा शिक्षणाधिकारी कल्पेपर शाळेत येऊन बसला. एकेक शिक्षक मान खाली घालून सही करून गेला. हेडमास्तर गॅड्सडेन यांनीही केली. घरात पाच पोरं होती, त्यांना कोण बोलणार?

"अर्लीन, तुझंच राहिलंय. उरक पटकन," कल्पेपर म्हणाला.

"मिस मॅकफॅडन म्हणा."

काळ्या बाईला 'मिस' म्हणायची गोऱ्यांत रीत नव्हती. हेडमास्तरांना ठसका लागला. कल्पेपरचे कान लाल झाले. "तू आहेस का त्या लोकांत?"

"नाही."

"मग तसं लिही."

"आत्ता नाही. संध्याकाळपर्यंत असेन."

असं काही बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. बाहेर पडल्यावर ती घराकडे न वळता थेट इझिकीएलच्या सलूनकडे वळली. संघटनेची वर्गणी तोच घ्यायचा. वस्तरा हातात तसाच धरून तो बघत राहिला.

"बाई, लोक नावं काढून घ्यायला येतायत, आणि तुम्ही?"

"मग जागा रिकामी असेल. लिहा माझं नाव."

नोकरी गेली. आईची धुण्याची तीन गोरी घरंही तुटली. आई बरेच दिवस लेकीशी बोलली नाही. मग त्यातल्या एका मालकिणीनं गाडीतूनच हाक मारली, "तुझ्या पोरीला समजाव, म्हणजे धुणं परत देते."

आई फाटकापर्यंत गेली. "तिला नाही समजावत," ती म्हणाली. "आणि तुमच्या चादरी तुम्हीच धुवा."

घरात येऊन तिनं लेकीला जेवायला वाढलं.

तो उन्हाळा अर्लीननं पीचची फळं खोक्यांत भरण्याच्या शेडमध्ये काढला. फळांच्या लवेनं कोपरापर्यंत हात खाजायचे. पुढं नदीपलीकडच्या एका चर्चच्या शाळेनं तिला अर्ध्या पगारावर वर्ग दिला.

वर्षभरानं कायदा मवाळ झाला. सभासद असायला बंदी नाही, फक्त कुठल्या संघटनेत आहात ते अर्जात लिहायचं. अर्लीननं ठळक अक्षरात लिहिलं आणि अर्ज स्वतः नेऊन दिला.

"जागा नाही," कल्पेपर म्हणाला.

"बरं. येते पुढच्या वर्षी."

आणि पुढच्या वर्षी ती खरंच गेली. जुनी नोकरी तिला कधीच मिळाली नाही, पण कल्पेपर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ती त्याच्यासमोर अर्ज घेऊन उभी राहिली, रविवारी चर्चला जायची ठेवणीतली टोपी घालून.