मोजा आणि मऊ उजेड

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकमध्ये आपल्याइतका कलावंत फोटोग्राफर नाही, असं मला मनापासून वाटायचं. आठवडाभर कारकुनी आणि रविवारी बाथरूममध्ये लाल दिवा लावून ब्लॅक अँड व्हाइट फोटो धुणं, एवढ्यावर हा समज उभा होता. घरचे आंघोळीसाठी बाहेर ताटकळत आणि मी आतून कलेचं महत्त्व सांगत असे.

धाकट्या बहिणीसाठी घोटीच्या शिक्षकाचं स्थळ आलं. त्यांनी फोटो मागितला. तिच्या उजव्या गालावर भाजल्याचा पांढरट डाग होता, लहानपणी स्टोव्ह भडकला तेव्हाचा. भिंगापुढे पातळ मोजा ताणला की फोटोत मऊ उजेड पसरतो, असं मी एका मासिकात वाचलं होतं. मेन रोडवर जाऊन बायकांचा काळा नायलॉनचा मोजा मागितला. दुकानदाराने माप विचारलं, मी मूठ दाखवली. त्याने मुठीकडे बघितलं आणि मोजा कागदात गुंडाळून दिला.

लेख मी नेहमीप्रमाणे अर्धाच वाचला होता. मोजा कॅमेऱ्याला लावला तर उजेड पसरतो. मी लावला फोटो मोठा करायच्या यंत्राला, आणि निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असल्यामुळे तिथे काळोख पसरतो. बहिणीचे केस कपाळावर उतरले, भुवया डोळ्यांत शिरल्या, टिकली नाकाकडे निघाली. डाग मात्र गेला होता. मी खूश होऊन तिला बोलावलं.

घरात धूर झाला होता का, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "डाग कुठंय?"

"दिसत नाही. तेच तर कसब आहे."

"आणि लग्नानंतर काय करू? रोज तुझा मोजा तोंडावर ओढून बसू?"

मी हसलो. ती हसली नाही. यंत्रावरचा मोजा काढून तिने माझ्या हातात दिला आणि तिथेच उभं राहून फोटो पुन्हा करायला लावला. ट्रेमध्ये आधी केस आले, मग डोळे. गालावर चिंचोक्याएवढी जागा कोरी राहिली. इतकी वर्षं मी तो डाग केवढा मोठा धरून चाललो होतो.

"दादा, घरात सगळे माझ्याकडे बघून बोलतात," ती म्हणाली. "तूच एकटा दुसरीकडे बघतोस."

तोच फोटो घोटीला गेला आणि होकार आला. त्याचं श्रेय मी लगेच माझ्या फोटोग्राफीला देऊन टाकलं. तिच्या गालाकडे बघून बोलायला मात्र मला तिच्या पाठवणीचा दिवस उजाडावा लागला.