मॅडमची स्लाईड

ज्यांनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला शिकवलं, त्यांचा कॅन्सर मीच मायक्रोस्कोपखाली बघितला.

आज पहाटे बिराजदार मॅडम गेल्या. दुपारी मातीला जाऊन आले. आंघोळ करून लिहायला बसलेय.

अकरावी-बारावीला त्या आम्हाला बायॉलॉजी शिकवायच्या. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे चिडल्या की तोंडात कानडी यायचं. "नोडू!" म्हणजे बघ. दोन वर्षं हाच शब्द ऐकला.

पहिलं प्रॅक्टिकल कांद्याच्या सालीचं.

मी कव्हरस्लिपची पातळ काच आदळली. खाली हवेचा बुडबुडा अडकला. गोल, काळ्या कडेचा, देखणा. मी त्यालाच पेशी समजले आणि जर्नलमध्ये काढला. टोकदार पेन्सिलनं मधोमध केंद्रकसुद्धा.

मॅडमनी आधी माझ्या मायक्रोस्कोपला डोळा लावला, मग जर्नल बघितलं.

"जाधव, केंद्रक कुठं दिसलं गं तुला?"

"पुस्तकात आहे, मॅडम."

"मग पुस्तकच ठेव की काचेखाली! बुडबुड्यात केंद्रक? लई जीव लावलास की त्याला."

सगळे हसले. मॅडमनी आकृतीवर लाल रेघ मारली.

"दिसतं तेवढंच काढायचं. नाही दिसलं तर जागा मोकळी सोडायची."

पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले. इथेच, सोलापुरात.

गेल्या वर्षी मॅडमची बायॉप्सी माझ्याकडे आली. स्लाईड पुन्हा पुन्हा पाहिली. आपली चूक निघावी असं इतकं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवली.

चूक नव्हती.

रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा प्रशांत आला. "ताई, साधी गाठ आहे असंच सांगू आईला. बार्शीला ट्रीटमेंट सुरू करतो. खरं कळलं तर ती हाय खाईल."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात मॅडम रिक्षानं एकट्याच लॅबमध्ये आल्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यासाठी मी जाधवच.

"जाधव, काय दिसलं?"

मी काहीबाही बोलत राहिले. अजून टेस्ट करू, प्रशांतशी बोलू, हल्ली औषधं चांगली आहेत...

"पुस्तकातलं नको गं. बुडबुडा आहे का, तेवढं सांग."

"बुडबुडा नाही, मॅडम."

"सरक."

मी खुर्ची सोडली. पदरानं चष्मा पुसून त्या बसल्या आणि स्वतःची स्लाईड बघत राहिल्या. खूप वेळ. मग उठून गेल्या.

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात त्या एकदाच गेल्या. नंतर म्हणाल्या, बास.

प्रशांत मला तोंडावर म्हणाला, "तुम्ही बोलला नसता तर आईनं ट्रीटमेंट सोडली नसती."

त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. बरोबर आहे असंही नाही. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं, की ते ओझं मला एकटीला पेलवेना म्हणून? रोज स्वतःला विचारते.

ती जागा मोकळी सोडतेय.

हे लिहू का, असं आज मातीवरून परतताना प्रशांतला विचारलं. तो चपला घालत होता. वर बघितलं नाही.

"लिहा. त्या दिवशी घरी येऊन आई काय म्हणाली, तेही लिहा."

"काय म्हणाल्या?"

"जाधवला आता बघता येतं."

मॅडम, दिसलं तेवढंच लिहिलंय.

तपासायला तुम्ही नाही.

शेवटचा नमस्कार.

तुमची जाधव