मामांना न दिसलेला दोष

पायडल मारून सुरू होणारी जुनी मोपेड विकायची असेल, तर ती आमच्या मामेसासऱ्यांच्या दृष्टीस पडू देऊ नये, एवढं शहाणपण धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या साऱ्या मालकांना आलेलं आहे. घेणारा मात्र मामांनाच सोबत नेतो. इंजिनाकडे ते आधी ढुंकूनही पाहत नाहीत. पायडलाचं रबर बघतात. ते गुळगुळीत झालेलं असेल, तर गाडी मालकाला घरी आणत नव्हती, मालक गाडीला आणत होता, असा त्यांचा निकाल. मग टाकीचं झाकण उघडून लोणचं नासलं का ते पाहावं तसा वास घेतात आणि शेवटी नखाने रंग खरवडतात. सोनगीरला एकाने ‘आजोबांच्या हातची, जशीच्या तशी’ म्हणून एक मोपेड माझ्यापुढे उभी केली. मी पार विरघळलो होतो. मामांनी पुढे खरवडलं तर हिरवा निघाला, मागे खरवडलं तर लाल. ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, हाई ते दोन गाड्यासनं लगीन शे.” मालकाने चहाही विचारला नाही. मामांच्या कृपेने मी अजून पायीच फिरतो.

त्यांची स्वतःची मोपेड मात्र अस्सल. दर बाजाराला मागे मामी असायच्या. गोधडीच्या तुकड्यांची गादी शिवून त्यांनीच ती कॅरिअरला बांधली होती. मामी गेल्या, मग मामांचे गुडघेही गेले, पायडल मारवेना. गंजण्यापेक्षा कुणाच्या कामी येऊ दे, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली खरी. पण गिऱ्हाईक आलं की स्वतःच तिचे दोष असे सांगायचे, की ते काढता पाय घ्यायचं. त्यांना ती द्यायची नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग भुसावळहून एक नवं जोडपं आलं. सगळे दोष ऐकून नवरा म्हणाला, चालेल. मामांची पंचाईत झाली. त्यात बायकोने विचारलं, मागे बसायला कशी आहे? मामा आजवर मागे बसलेच नव्हते. मोठ्या पारख्याला ‘माहीत नाही’ म्हणणं जमेना, तेव्हा मी पायडल मारलं आणि मामा मामींच्या गादीवर बसले. कोपऱ्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो.

मामा कमरेवर हात ठेवून उतरले.

“मांगे इतला धक्का बसस,” ते मला म्हणाले, “तिनी कधी सांगं नही.”

ते आत गेले आणि मामींची घडी घालून ठेवलेली गोधडी घेऊन आले. जुन्या गादीवर ती सुतळीने आवळून बांधली, तळव्याने दाबून पाहिली, आणि हँडल त्या पोराच्या हाती दिलं. मुलीला मात्र बजावून सांगितलं, धक्का बसला की नवऱ्याला सांगत जा. मोपेड गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ते दुखऱ्या गुडघ्यांवर उभेच होते.