मदरबोर्डवरचं कुंकू

लेकीने सुटे भाग जोडून घरीच कॉम्प्युटर बनवला होता. दसऱ्याला आम्ही भोपाळच्या कारखान्यात मशीनची पूजा करतो. तशीच त्याचीही करावी म्हणून, ती बाहेर गेलेली असताना, मी झाकण उघडून आतल्या मदरबोर्डलाच ओलं कुंकू लावलं. मग भीती वाटली आणि घाईने पुसून टाकलं.

संध्याकाळी तो सुरूच होईना. तिने वायरी तपासल्या, रॅम काढून पुन्हा बसवली.

"बाबा, तुम्ही हात लावला होता का?"

"छे! तरी सांगत होतो, रेडीमेड घे म्हणून."

त्यानंतर तिने मला कधीच काही विचारलं नाही.

आता ती पुण्यात असते. परवा फोनवर मी एकदाचं कबूल केलं.

"रॅमशेजारी लाल डाग दिसला होता, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर विचारलं होतं."