पिशवी काढायच्या आधी

परभणीहून गंगाखेडची गाडी निघाली तरी माझं खिडकीबाहेर लक्ष नव्हतं. गंगाखेडच्या पुढं राणीसावरगावला माझी धाकटी नणंद सत्यभामा राहते. "पाळीचा लय तरास हाय वैनी, सोमवारी पिशवी (गर्भाशय) काढून टाकायची हाय," असं तिनं फोनवर सांगितलं होतं, तेही भाजी निवडता निवडता सांगावं तसं.

पोखर्णी जवळ आली आणि छातीत धडधडू लागलं. मानेपासून कपाळापर्यंत जाळ उठला. शेजारची बाई थंडीनं शाल गुरफटून बसली होती आणि मी घामानं निथळत होते. गाडीत बसवेचना. पोखर्णीला सरळ उतरले.

चहाच्या टपरीवरच्या बाईनं बाकडं पुढं सरकवलं. "नरसिंहाच्या दर्शनाला आलाव का?"

"नाही हो, जीव घाबरला."

"मंग बसा निवांत."

निवांत बसणं वर्षभर जमलंच नव्हतं. झोप उडालेली, चिडचिड, पाळी कधी येईल त्याचा भरवसा नाही. हृदयाची तपासणी गुपचूप करून आले होते. त्यात काही निघालं नाही, मग कुणाला काही सांगितलंच नाही.

पुढची गाडी मिळाली. गोदावरीचा पूल, काळ्या रानात फुलावर आलेली तूर. डोळे बघत होते, मन पुढंच पळत होतं.

सत्यभामानं भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) वाढलं आणि भिंतीला टेकली. ओठ पांढरेफटक.

"रगत लय जायलंय वैनी. उभं ऱ्हाववत न्हाई."

"म्हणून थेट पिशवीच काढायची?"

"लेकरं झाली की आता. काय करायचं तिला ठिवून? गल्लीतल्या समद्यांनी काढल्या."

"एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू," म्हटलं, "मग तुझं तू ठरव."

सकाळी दोघी परभणीला आलो. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. "गाठ नाही. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू. रक्त फार कमी झालंय, ते आधी भरून काढू. पाळी जाण्याच्या आधीची ही वर्षं अशीच असतात, पण एवढं अंगावर काढू नये. बहुतेकींना औषधानं आराम पडतो." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही?"

"मी सोबत आलेय."

"त्यान्लाबी बघा," सत्यभामा म्हणाली. "हिवाळ्यात पंखा लावायलेत. पहाटंपास्नं अंगणात येरझाऱ्या चालूयत."

मला वाटलं होतं, कुणाचं लक्ष नाही. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं आणि वर्षभराचं सगळं मी त्या खुर्चीत बसून बोलले. तेच वय, तेच कारण. माझ्याही तपासण्या झाल्या, उपचार ठरला.

अहवाल येईपर्यंत मी सत्यभामाकडंच राहिले. कामात जीव रमेना. फोन वाजला की दोघी दचकायचो. अखेर निरोप आला: अस्तरात वाईट काही नाही. औषधानं रक्तस्रावही कमी झाला होता. सत्यभामानं सोमवारचं ऑपरेशन स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं.

घरी परतले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "कशी आहे आमची सत्यभामा?"

सांगितलं. मग म्हटलं, "आणि मलाही वर्षभर तेच होतंय."

"वर्षभर कधी बोलली नाहीस?"

आईनं पाळी आल्यावर काय करायचं ते सांगितलं होतं, सासूनं बाळंतपणातलं. यापुढचं कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"मलाच ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "बैस, सांगते."