लाइन क्लिअर

सांगलीहून निघताना बायको म्हणाली, "शब्द गोळा करायला कुणी घोटीला जातं का?" जातं! मी जातो. रेल्वे आणि गॅरेजमधून आपल्या तोंडी बसलेल्या शब्दांवर मला एका मासिकासाठी लिहायचं होतं, आणि घोटीत एक निवृत्त गँगमन (रुळांची देखभाल करणारा) राहतो, असं भाच्यानं कळवलं होतं.

नाशिक रोडला उतरून जीप धरली. वाडीवऱ्हेच्या पुढे बॉनेटमधून भसाभस वाफ. ड्रायव्हर म्हणाला, "हिचा आन् माझ्या सासऱ्याचा, दोघांचाबी स्क्रू ढिला हाय." भर उन्हात तासभर उभं राहूनही मी खूश. वहीची सुरुवात झाली होती.

त्या गँगमन बाबांचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घरात ते आणि त्यांच्या थोरल्या भावाची विधवा. वहिनींनी नागलीची (नाचणीची) भाकरी, पिठलं, मऊ भात वाढला. पहिलं ताट बाबांना. "सायडिंगला टाकलं" कुठून आलं, ते बाबांनी सांगितलं. "नको असलेला डबा बाजूच्या रुळावर नेऊन सोडायचा. मग त्याला कोन इचारतंय?" मी निवृत्त शाळामास्तर. मलाही आता कोण विचारतं!

भिंतीवर भावाचा फोटो होता. रुळावर काम करताना गाडीखाली गेलेला. वहिनी म्हणाल्या, "घाई नडली ह्यांची. भाऊजींनी सांगायच्या आधीच रुळावर उतरले." आणि भांडी घेऊन मागच्या दारी गेल्या.

मी वही उघडली. "हं, लाइन क्लिअर! हा शब्द कसा आला, बाबा? आमच्या वर्गातली पोरं प्रेमप्रकरणात वापरायची."

बाबांचा चेहरा उतरला. माझी जीभ हासडावी असं वाटलं.

"पुढचं स्टेशन मोकळं असल्याचं कळवतं, तवा गाडी सुटते. ते लाइन क्लिअर," ते हळू आवाजात म्हणाले. "आमी गँगवालेबी तेच वरडायचो. गाडी आली की दोन्ही लाइनी सोडून बाजूला व्हायचं, झेंडीवाल्यानं दोन्हीकडं बघायचं, मंग वरडायचं. त्या दिवशी झेंडी माझ्याकडं व्हती. मालगाडी गेली आन् मी वरडलो. तिच्याआड दुसऱ्या लाइनीवर गाडी येत व्हती, मी बघितलंच नाय. भाऊ माझ्या भरवशावर उतरला."

"आणि वहिनींना...?"

"मी सगळ्यांना सांगितलं, त्यानं घाई केली. तीस वर्सं ती मेलेल्या नवऱ्याला बोल लावती आन् मला पयलं ताट वाढती." त्यांनी माझी वही बोटानं दाबली. "माझ्या तोंडून निघत नाय, मास्तर. तुमी छापा. अंक तिच्या नावानं धाडा. ती वाचती."

"पुन्हा विचार करा, बाबा."

"लय केला."

निघताना वहिनींनी घोटीच्या तांदळाची पिशवी हातात दिली. "आमच्याबद्दल चांगलं लिहा हं," म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

सांगलीला येऊन आठवडा झाला. तांदूळ तसाच आहे, बायकोला शिजवू देत नाही. गोळा केलेले बाकीचे शब्द वहीतच राहू देत. नावं मी लिहिलेली नाहीत, पण वहिनी, तुम्हाला कळेल. घाई त्यांची नव्हती.