तुझ्या नावाच्या वर

सुमे, फोन जरा कानाशी धर, आधी ओरडायचंय तुला. लग्न करून गेलीस तेव्हा तुझा तो साध्या दोन सेलवर चालणारा जुना चिमुकला लॅपटॉप "आत्या, भंगारात दे" म्हणून टाकून गेलीस. असं टाकतात का गं?

भाजीच्या पिशवीत मावतो तो. भिंतीवरच्या घड्याळातला एक आणि रिमोटमधला एक सेल घातला, खेळाचं नाव टाइप केलं, की करड्या पडद्यावर विटा पडायला लागतात. खेळ संपला की नावांची यादी येते. सगळ्यात वर तू! खोटं कशाला सांगू, तुझं नाव दिसायचं म्हणूनच मी खेळायला बसायचे.

काल दवाखान्यातही खेळत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आजी, रिपोर्ट बघताय?"

म्हटलं, "नाही हो, भाचीला हरवतेय."

तेवढ्यात आतून माझा पुकारा झाला. मी हातानेच सांगितलं, पुढच्याला सोडा. आणि हरवलं गं तुला!

घरी आले तर भिंतीवरचं घड्याळ दहावरच थांबलेलं. त्याच्याकडे बघून हसूच आलं. त्याचा जीव काढून मी दुसरीकडे घातला होता, आणि तिथं तो कसा धावला! या डबीला सगळे जुनी म्हणतात, मलाही म्हणतात. विटा काही आमचं वय विचारून पडत नाहीत.

आता पहिल्या ओळीत मी आहे, माझ्या खाली तू. राग आला ना? मग लवकर ये आणि मला खाली ओढून दाखव. येताना दोन सेल आण, घड्याळ अजून दहावरच आहे.